हॅलोवीनच्या रात्री घरात: गरम सायडर आणि मोठ्याने वाचलेली भुताची गोष्ट

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरलाच येतो, मग तो बुधवार असो की शनिवार. सुट्टी नसते. (२०१२ साली सँडी वादळाने न्यू जर्सीचे दिवे गेले, तेव्हा गव्हर्नरांनी तो ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. एरवी तारीख हलत नाही.) आमच्या न्यू जर्सीत त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि तिथपासून आठ-साडेआठपर्यंत गल्लीत पोरांची वर्दळ असते. मग पोर्चचे दिवे एकेक करून मालवतात. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या दोन तासांबद्दल.

नव्याने आलेली बरीच मराठी कुटुंबं हॅलोवीन दारातच उरकतात. मुलांना पोशाख घातला, चार घरं फिरवून आणलं, कँडी वाटली, झालं. पण या सणाचा गाभा घराच्या आत आहे, असं मला इतक्या वर्षांनी खात्रीने वाटतं. दिवे मंद करायचे, हातात गरम पेला घ्यायचा आणि एकाने वाचलेली भुताची गोष्ट सगळ्यांनी मिळून ऐकायची. दिवे गेल्यावर कंदिलाभोवती बसून मुंजा आणि हडळीच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त तयारी कशी करायची ते सांगावं लागतं.

सणाचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिथले केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागण्याच्या वेळी साविन नावाचा सण पाळत. या रात्री मेलेल्यांच्या आणि जित्यांच्या जगातला पडदा विरळ होतो, ही समजूत तिथली. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयरिश माणसं जहाजं भरून अमेरिकेत आली आणि हा सण इथे रुजला. पितृपक्षात गेलेल्यांची पानं वाढणाऱ्या घराला यातलं काहीच फार परकं वाटू नये. दिवाळीही कधी याच दिवसांत येते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. सकाळी उटणं लावून अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी दारात भोपळा, दोन्ही एकाच दिवशी झालं.

आधी दार

हे थोडक्यात सांगते, कारण शेजारी तुम्हाला सांगतीलच. पोर्चचा दिवा लागलेला म्हणजे ‘या’, मालवलेला म्हणजे ‘नको’. काही गावांत फिरण्याची वेळ नगरपालिका ठरवून देते, ती पाहून ठेवा. कँडी कारखान्यातून बंद पुडीत आलेलीच द्यायची. घरचा लाडू कितीही प्रेमाने वळलेला असला, तरी अनोळखी मुलाच्या पिशवीत टाकू नका. त्याचे आईवडील तो टाकूनच देतील, आणि ते योग्यच आहे. इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात. एखाद्या दारात हिरवट निळ्या रंगाचा भोपळा दिसला, तर त्या घरी खाऊऐवजी पेन्सिली, चेंडू अशा वस्तूही मिळतात, अशी खूण आहे.

भोपळा दोन दिवस आधी, आणि एक नव्हे, दोन

दुकानाबाहेर ढीग लावलेले मोठे नारिंगी भोपळे कोरण्यासाठी असतात. त्यांचा गर पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा. भाजी केली तर घरातलं कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. कोरण्यासाठी तो घ्या आणि खाण्यासाठी वेगळा छोटा ‘शुगर पंपकिन’ किंवा बटरनट स्क्वॉश आणा. बटरनटचा गर आपल्या लाल भोपळ्याच्या खूपच जवळचा आहे. त्याचे घारगे उत्तम होतात, आणि ते का करायचे ते पुढे येईलच.

कोरलेला भोपळा तीन-चार दिवसांत बुरशी धरून खाली बसतो, म्हणून २९ किंवा ३० तारखेला कोरा. वरचं झाकण कापताना सुरी तिरकी, देठाकडे झुकवून धरा. सरळ कापलं तर झाकण आत पडतं. आतल्या बाजूची भिंत पळीने खरवडून जेमतेम बोटभर जाड ठेवा, म्हणजे नाक-डोळे कोरताना जोर लावावा लागत नाही. मुलं घरात असतील तर आत खरी मेणबत्ती न ठेवता बॅटरीवरचा दिवा ठेवा. बिया धुऊन, पुसून, मीठ-तिखट-तेल लावून ओव्हनमध्ये खरपूस भाजा.

हे काम चालू असताना मुलांना जॅकची गोष्ट सांगा. आयर्लंडातल्या या लबाड जॅकने सैतानाला फसवून ‘मी मेल्यावर तू मला नेणार नाहीस’ असं वचन घेतलं. मेल्यावर स्वर्गाने त्याला घेतलं नाही आणि वचनामुळे नरकानेही नाही. तेव्हापासून कोरलेल्या सलगमात एक निखारा घेऊन तो अंधारात भटकतो आहे. आयर्लंडात खरोखरच सलगम कोरत. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा मिळाला, जो मोठाही होता आणि कोरायला मऊही.

सायडर: आणताना आणि करताना

इथे पहिल्यांदाच गोंधळ होतो, म्हणून नीट सांगते. अमेरिकेत नुसतं ‘ॲपल सायडर’ म्हणजे सफरचंदं दाबून काढलेला, न गाळलेला, तपकिरी गढूळ रस. त्यात दारू नसते. दारू असलेल्याला इथे ‘हार्ड सायडर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र सायडर म्हणजे दारूच. लंडनकडच्या वाचकांनी गढूळ ॲपल ज्यूस मागावा, ‘क्लाउडी’ म्हणतात त्याला. आणि ‘ॲपल सायडर व्हिनेगर’ हा तिसराच पदार्थ, तो शिरक्याच्या फळीवर असतो.

चांगला सायडर दुकानात फ्रिजमध्ये मिळतो किंवा थेट सफरचंदाच्या बागेतून. त्यावर ‘पाश्चराइज्ड’ लिहिलंय का ते वाचा. न तापवलेल्या रसात ई. कोलायसारखे जिवाणू असू शकतात, आणि १९९६ मध्ये अशा रसामुळे अमेरिकेत मुलं गंभीर आजारी पडली होती. १९९८ पासून अशा बाटलीवर धोक्याची सूचना छापावी लागते. लहान मुलं, गर्भवती आणि म्हातारी माणसं यांना तो कच्चा देऊ नये.

आता कृती. अर्धा गॅलन सायडर, म्हणजे दोन लिटरला थोडा कमी, आठ पेल्यांना पुरतो. जाड बुडाच्या पातेल्यात ओता. दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, सात-आठ लवंगा, आल्याचे चार पातळ काप आणि एका संत्र्याच्या सालीसकट चकत्या घाला. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. कडेला बारीक बुडबुडे यावेत, खळखळ उकळी नको. गाळा आणि लगेच द्या. साखर घालू नका, रस मुळातच गोड आहे.

आपला हात मसाल्याला सैल असतो. चहाच्या सवयीने आपण मूठ उघडतो आणि सायडरचा काढा होतो. लवंग जास्त झाली किंवा तासभर आत राहिली की पेय कडू लागतं आणि जीभ बधिर होते, म्हणून वेळ झाली की गाळूनच ठेवा. वेलदोडा मी घालत नाही, कारण त्याच्यापुढे सफरचंद दबतं. आलं नसेल तर चिमूटभर सुंठ चालेल. आणि यात दूध अजिबात नको. आंबट रसाने ते लगेच फाटतं.

मोठ्यांना रम हवी असेल, तर ती पातेल्यात न ओतता ज्याच्या त्याच्या पेल्यात घाला, साधारण ३० मिलिलिटर. पातेलं मुलांसाठी मोकळं राहतं आणि गाडी चालवत परत जाणाऱ्याला विचारावंही लागत नाही.

माणसं जास्त असतील तर दुपारीच सगळं स्लो कुकरमध्ये टाकून ‘लो’वर ठेवा. मसाला मात्र मलमलच्या पुरचुंडीत बांधा, म्हणजे दीड-दोन तासांनी काढून टाकता येतो. त्या वासाने घर आधीच गोष्टीसाठी तयार झालेलं असतं.

भोपळ्याची कॉफी

स्टारबक्सने २००३ साली पंपकिन स्पाइस लाटे आणली आणि तेव्हापासून अमेरिकेत शरद ऋतूचा वासच तो झाला. गंमत अशी, की सुरुवातीला त्यात भोपळा नव्हताच. भोपळ्याचा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करताना घालतात तो मसाला तेवढा होता: दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, कधी ऑलस्पाइस. खरा भोपळा त्यात २०१५ मध्ये आला. आपल्याकडे कॉफीत जायफळ उगाळून घालणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना ही चव पहिल्या घोटातच ओळखीची वाटते.

दोघांपुरती करायची तर शिजवून गुळगुळीत वाटलेला भोपळा दोन मोठे चमचे आणि साखर दोन चमचे एकत्र छोट्या पातेल्यात परता. डबा आणलात तर त्यावर फक्त ‘पंपकिन’ लिहिलेलं हवं, ‘पाय फिलिंग’ नको. कच्चा वास गेला की पाव चमचा दालचिनीपूड, चिमूट सुंठ आणि ताजं किसलेलं जायफळ घाला. त्यावर दोन कप दूध ओतून गरम करा, मिक्सरमधून फिरवा, गाळा, आणि कडक कॉफी अर्धा-अर्धा कप मिसळा. फिरवण्याची पायरी चुकवली तर भोपळ्याचा चोथा तळाशी बसतो.

मुलांसाठी कॉफीऐवजी नुसतं हेच दूध द्या. २०२३ मध्ये कोजागिरी २८ ऑक्टोबरला होती. आम्ही मसाला दुधाचं पातेलं आणि सायडरचं पातेलं तीन दिवसांच्या अंतराने त्याच शेगडीवर ठेवलं. ज्यांच्या घरी केशर, बदाम, चारोळीचा मसाला उरलेला असेल, त्यांनी हॅलोवीनला तोच वापरावा.

धूर येणारं पंच करायची हौस अनेकांना असते. हा धूर येतो कोरड्या बर्फाने, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि तो उणे ७८ अंश असतो. त्याचा तुकडा पेल्यात पडून गिळला गेला, तर तोंड आणि आतडं भाजतं. करायचंच असेल तर मोठ्या भांड्याच्या बाहेर दुसऱ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात तो टाका, जाड हातमोजे घाला, खिडकी किलकिली ठेवा. मुलं असलेल्या घरात मी तो आणतच नाही.

गोष्ट निवडताना घड्याळ पाहा

नवखी माणसं नेहमी फार लांब गोष्ट निवडतात. मोठ्याने वाचताना मिनिटाला १३० ते १४० शब्दच होतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष एका बैठकीत अर्ध्या तासापुरतं असतं. पुढच्या तीन कथा जुन्या आहेत, त्यांचे हक्क संपलेले आहेत, आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

पहिली एडगर ॲलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’, १८४३ ची. सुमारे २,२०० शब्द, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं. एक माणूस आपण वेडे नाही हे पटवून देताना आपण केलेल्या खुनाची हकिकत सांगतो. सलग सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचं दार इंचाइंचाने उघडतो, आठव्या रात्री म्हातारा जागा होतो. ही कथा एकाच आवाजाची आहे, म्हणून वाचणाराही एकच हवा. आवाज चढवू नका, उतरवा. दार उघडण्याचा भाग जितका सावकाश वाचाल तितकी खोली शांत होईल. शेवटचा परिच्छेद तेवढा वेगाने.

दुसरी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’, १९०२. साधारण अर्धा तास लागतो. मराठी घरात सुरुवात करायला मला याहून चांगली कथा माहीत नाही. इंग्लंडातलं एक साधं कुटुंब, पावसाळी रात्र, शेकोटीपाशी बाप-लेक बुद्धिबळ खेळताहेत. भारतात नोकरी करून आलेला सार्जंट-मेजर खिशातून माकडाचा वाळलेला पंजा काढतो. एका म्हाताऱ्या फकिराने त्यावर मंत्र घातलेला असतो: माणसाचं आयुष्य दैवाच्या हाती आहे, त्यात ढवळाढवळ केली तर पस्तावाल, हे दाखवण्यासाठी. तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या होतील. म्हातारा २०० पौंड मागतो. पैसे येतात, पण ते कसे येतात, ते वाचल्यावर कळेल. भारतातून दूर गेलेली ही वस्तू परक्या घरात काय करते, हे ऐकताना आपल्याला दोन्ही बाजू कळतात: पंजाची आणि घराची.

या कथेत दारावर थाप पडते. संध्याकाळभर ज्या दारावर पोरांनी थापा मारलेल्या असतात, त्याच दाराकडे पाठ करून ती ऐकायची, म्हणून पोर्चचा दिवा मालवल्याशिवाय ती सुरू करू नका. दुसरी इच्छा बोलून झाली की थांबा. पेले भरा. कुणालाही पुढे काय होईल ते बोलू देऊ नका. मग उरलेलं वाचा.

तिसरी वॉशिंग्टन अर्व्हिंगची ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’, १८२०. गावातला शाळामास्तर आणि त्याच्यामागे लागलेला बिनमुंडक्याचा घोडेस्वार हिच्यातलेच. ही लांब आहे, सगळी वाचायला दीड तास लागेल, म्हणून फक्त व्हॅन टासल या शेतकऱ्याच्या घरची मेजवानी आणि त्यानंतरचा रात्रीचा परतीचा रस्ता एवढंच घ्या. त्या मेजवानीत डोनट आहेत, सफरचंदाचे आणि भोपळ्याचे पाय आहेत, आणि जेवणानंतर म्हातारे शेतकरी भुताच्या गोष्टी सांगत बसतात. म्हणजे तुम्ही जे करायला बसलात तेच. कथेत हॅलोवीनचा उल्लेख कुठेच नाही. पण सकाळी मास्तराच्या टोपीशेजारी फुटलेला भोपळा सापडतो, आणि तेवढ्यावरून ती या रात्रीची झाली. ते गाव न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी आहे. नॉर्थ टॅरीटाउनने १९९६ साली आपलं नाव बदलून स्लीपी हॉलो केलं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन लाइनच्या गाडीने तासाभरात पोचता येतं. अर्व्हिंगची कबरही तिथल्याच दफनभूमीत आहे. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी असते, सकाळी लवकर जा.

घरात भारतातून आलेले आई-बाबा असतील आणि हे जुनं इंग्रजी त्यांना जड जात असेल, तर कथा वाचू नका, आदल्या रात्री दोनदा वाचून मराठीत सांगा. पंज्याची कथा सांगायला फार सोपी जाते. किंवा मराठीतलंच वाचा: नारायण धारपांची एखादी छोटी कथा, किंवा रत्नाकर मतकरींच्या गूढकथांपैकी एक. मतकरींची भीती ओळखीच्या ब्लॉकमधून, ओळखीच्या जिन्यावरून येते आणि मराठी कान ती लगेच पकडतो. निवडलेली कथा आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा, मुलांच्या वयाला झेपते का ते तेव्हाच कळतं. दहाच्या आतल्या मुलांना जॅकची गोष्ट पुरे, पो नको.

बैठक

आठ वाजता पोशाख उतरवा, मुलांना कँडी मोजू द्या, आणि काहीतरी खरं जेवण द्या. साडेआठला बसा. वाचणाऱ्याच्या खांद्यामागे एक दिवा, खिडकीत भोपळा, बाकी अंधार. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

खायला मऊ हवं. चिवडा, चकली, बटाट्याचे वेफर्स गोष्ट चालू असताना अजिबात नकोत. एका माणसाच्या कुरकुर चावण्याने पोचा सगळा सन्नाटा जातो. सायडरचे डोनट चालतील, आयरिश पद्धतीचा मनुकांचा पाव, बार्मब्रॅक, मिळाला तर फार छान, त्यात अंगठी लपवतात आणि जिला-ज्याला ती मिळेल त्याचं लग्न होणार म्हणतात. आमच्याकडे बटरनटचे घारगे असतात. आवाज होत नाही, सायडरबरोबर गुळाची चव जमते, आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतात.

एक वाचलेली कथा, मग पेले भरायला दहा मिनिटं, मग दुसरी. दोनच. यानंतर वाचन बंद, सांगणं सुरू. प्रत्येकाने आपल्या घराण्यात चालत आलेली एक गोष्ट सांगायची. अट एवढीच, की जागेचं नाव हवं. ‘एका गावात’ म्हटलं की कुणी घाबरत नाही. कुठल्या पाणंदीत चकवा लागला, कुठल्या विहिरीच्या काठचा पिंपळ, कुठल्या वळणावर बैल थांबले, हे सांगितलं की इथे जन्मलेली मुलंही पाय वर घेऊन बसतात.

आणि भारतात फोन लावा. ३१ ऑक्टोबरला इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे सकाळचे सात. आमची आजी तोवर उठून, पूजा आटपून, ओट्याशी चहा घेत असते. पहिल्या वर्षी ती म्हणाली, “सकाळी सकाळी कसली गं भुतं?” तरी सांगितलीच, वेंगुर्ल्याकडच्या घाटीतल्या देवचाराची, पायातल्या वहाणा झिजल्या की नव्या मागणाऱ्या. तिच्या खिडकीतून ऊन येत होतं, मागे कावळे ओरडत होते, आणि इकडे अंधारात माझ्या धाकट्याने सायडरचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.